ओकानागन तलावाला प्रदक्षिणा घालता येते का? (आई-बाबांसोबत ४ दिवस)

मीठभाकर | ३ जून, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी,

आम्ही कॅनडात व्हँकुव्हरजवळ सरेला असतो, आई-बाबा पहिल्यांदाच इकडे आलेत. बाबा पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून रिटायर झाले, वय ७०. त्यांना रॉकीज दाखवल्या तर 'छान आहे' म्हणाले आणि येताना कुठल्याशा बंधाऱ्यापाशी गाडी थांबवायला लावून पाऊण तास गेटं बघत उभे. आई गाडीत शेंगदाणे खात बसली, तिला सवय आहे.

तर आता नकाशात त्यांना ओकानागन सापडलाय. बीसीच्या (ब्रिटिश कोलंबियाच्या) आतल्या भागात ती उभी निळी रेघ आहे बघा, ती. १३५ किमी लांब आणि रुंदी जेमतेम ४-५ किमी. म्हणजे मुंबईहून निघालात तर घाट चढून देहूरोडपर्यंत उजव्या हाताला पाणीच पाणी. बाबा म्हणतात हा तलाव कसला, हा कालवा आहे, कुणी खणला विचार. आणि चार दिवस आहेत तर प्रदक्षिणाच घालू म्हणतात.

प्रश्न असे: गाडीने पूर्ण प्रदक्षिणा होते का? मुक्काम कुठे करावा? ऑगस्ट बरा का? आणि आई कांदा-लसूण खाते पण बाकी कट्टर शाकाहारी, तिचं काय?

उंटावरचा_शहाणा | ४ जून, ००:०५

पाणी बघायला चार तास गाडी हाणायची? सरेत फ्रेझर नदी आहे की.

केलोनावाली_ताई | ४ जून, ०७:१५

मी ११ वर्षं केलोनात राहते त्यामुळे रुमाल टाकून सविस्तर लिहिते, ऑफिसला उशीर झाला तरी चालेल.

पूर्ण प्रदक्षिणा होत नाही. कारण सांगते. वरच्या टोकाला व्हर्नन, मध्यावर केलोना (समोरच्या काठाला वेस्ट केलोना), खालच्या टोकाला पेंटिक्टन. पश्चिम काठाने पेंटिक्टन ते वेस्ट केलोना हायवे ९७ अगदी पाण्याला चिकटून जातो, समरलँड आणि पीचलँड वाटेत. तिथून पुढे उत्तरेला वेस्टसाइड रोड, हाही काठाकाठानेच पण अरुंद आणि वळणावळणाचा. इथपर्यंत ठीक.

घोळ पूर्व काठावर आहे. केलोनाच्या दक्षिणेला लेकशोर रोड जातो जातो आणि संपतो. पुढे ओकानागन माउंटन पार्क, तीसेक किमीचा काठ, तिथे गाडीरस्ताच नाही. चालत जा, सायकलने जा, घोड्यावर जा नाहीतर बोटीने. त्याच्या पलीकडे नारामाटा, पण नारामाटाला पेंटिक्टनहून यावं लागतं आणि तो रस्ताही तिथेच संपतो. मागच्या डोंगरातून शूट लेकवरून जंगलखात्याचा कच्चा रस्ता आहे पण आई-बाबांना घेऊन त्या वाटेला जाऊ नका, आमच्या एका मित्राच्या गाडीचं बंपर अजून तिथेच असेल.

अजून एक. व्हर्नन ते केलोना हायवेने जाताना डाव्या हाताला जे सुंदर पाणी दिसतं ते ओकानागन नाहीच! आधी कलामाल्का आणि मग वुड लेक. अर्धे पाहुणे तिथेच फोटो काढून 'ओकानागन' म्हणून स्टेटसला टाकतात. कलामाल्काचा रंग मात्र खरंच बघण्यासारखा, पाण्यात चुन्याचे बारीक कण असतात आणि उन्हाळ्यात पाणी तापलं की हिरवानिळा होतो.

मुक्काम पेंटिक्टन. दोन तलावांच्या मध्ये वसलंय, वर ओकानागन, खाली स्काहा. जेवणाची चिंता नको, इकडे पंजाबी मंडळी पिढ्यानपिढ्या बागायतीत आहेत, केलोनात रटलंडला गुरुद्वारा आहे आणि डाळ-रोटी कुठेही मिळते.

झेंडू_फुटाणे | ४ जून, ०९:३०

ताई, म्हणजे ही शंकराची प्रदक्षिणा झाली की! पिंडीची पन्हळ ओलांडायची नसते, तिथपर्यंत जायचं आणि आल्या वाटेने परत फिरायचं. सोमसूत्री प्रदक्षिणा. तलावाचं पाणी बाहेर पडतं कुठून?

केलोनावाली_ताई | ४ जून, ०९:५२

पेंटिक्टनहून! तिथे छोटं धरण आहे, तिथून ओकानागन नदी निघते, मग स्काहा, व्हॅसो, ओसोयूस अशी तलावांची माळ करत अमेरिकेत जाते आणि कोलंबिया नदीला मिळते. बॉर्डरपलीकडे स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक करतात, नदी तीच.

झेंडूभाऊ हे फार आवडलं. मीठभाकर, बाबांना हेच सांगा.

मीठभाकर | ४ जून, १०:२०

सांगितलं. बाबा एकदम खूश. "मग पेंटिक्टनपासून सुरुवात, पश्चिमेकडून वर, तलाव उजव्या हाताला, व्हर्ननला वळसा, केलोनापर्यंत खाली आणि तिथून माघारी." आईने एकच विचारलं, माघारी यायचं तर पूल लागणार ना, मग तलाव ओलांडला तर चालतो का?

शास्त्रीबुवा_ऑनलाइन | ४ जून, १०:४१

काकूंची शंका रास्त आहे. शिवाय पन्हळ उत्तरेला असते, ही दक्षिणेला. आणि रस्ता जिथे तुटतो ती जागा पन्हळीच्या बरीच वर आहे. म्हणजे शास्त्रात बसत नाही.

झेंडू_फुटाणे | ४ जून, १०:४४

बुवा, कॅनडात सगळंच उलटं, गाडीपण उजवीकडून चालवतात. भावना पोचल्याशी मतलब.

पूलवाला | ४ जून, १३:१०

काकूंना सांगा की तो पूल तलावावर तरंगतो, त्यामुळे 'ओलांडला' म्हणता येणार नाही, नावेत बसून गेल्यासारखं आहे :)

चेष्टा नाही, खरंच तरंगता पूल आहे. विल्यम बेनेट ब्रिज, २००८ साली सुरू झाला, त्याआधी १९५८ चा जुना पूल होता तोही तरंगताच, आणि त्याच्याही आधी फेरीबोटी. काँक्रीटचे प्रचंड पोकळ डबे पाण्यावर, नांगरांनी तळाशी बांधलेले, त्यावर रस्ता. मधेच खांब का नाही उभे केले? कारण पाणी खोल आणि तळाला कठीण खडक हाताशीच लागत नाही, नुसता गाळ. पाया घ्यायचा कशावर?

पूल एक किमीच्या वर लांब आहे, पाच लेन. काठाजवळ एका ठिकाणी उंच उचललाय, बोटी खालून जायला. उन्हाळ्यात संध्याकाळी पाचला त्यावर अडकलात की तलावदर्शन फुकट.

खडकू | ४ जून, १८:३५

पूलवाल्यांनी गाळाचा विषय काढलाच आहे तर, आणि काकांनी 'कुणी खणला' विचारलंय म्हणून.

खणला बर्फाने. पण रेघ आधीच आखलेली होती. साधारण ५ कोटी वर्षांपूर्वी इथे जमीन ताणली जाऊन एक मोठा प्रस्तरभंग (खडकातली भेग) तयार झाला, उत्तर-दक्षिण, आणि खोऱ्याची दिशा त्याने ठरवली. म्हणून तर पूर्वेच्या काठाला जुने तावूनसुलाखून निघालेले नाइस (gneiss) खडक दिसतात आणि पश्चिमेला तुलनेने तरुण ज्वालामुखी खडक, समरलँडचा जायंट्स हेड डोंगर त्यातलाच. मग हिमयुगांत दक्षिणेकडे सरकणाऱ्या बर्फाला ही आयती खाच मिळाली. रंधा मारावा तसा तो त्यातून फिरत राहिला. कुटने, ॲरो लेक्स, सगळी बीसीतली लांबडी तळी अशीच उभी का, त्याचंही उत्तर थोड्याफार फरकाने हेच.

गंमत पुढे आहे. तलावाची जास्तीत जास्त खोली २३२ मीटर. पण तळ म्हणजे खडक नव्हे. तळाखाली काही ठिकाणी ७०० मीटरहून जास्त जाडीचा गाळ भरलाय, बर्फ वितळताना आलेला. तलावाचा पृष्ठभाग समुद्रसपाटीपासून ३४२ मीटरवर, म्हणजे हिशेब करा, खरा खडक समुद्रसपाटीच्याही कितीतरी खाली. समुद्र तिथून चार तासांवर!

पेंटिक्टन, समरलँड आणि नारामाटाला पांढुरके मातीचे उभे कडे दिसतील. ते या तलावाच्या आजोबाचे अवशेष. बर्फ मागे हटत असताना इथे आजच्यापेक्षा बराच उंच हिमतलाव होता, त्याच्या तळाचा गाळ म्हणजे ते कडे. हात लावून बघा, मैद्यासारखं बोटाला लागतं. पण खाली उभे राहू नका, पाणी मुरलं की ढासळतात.

संत्रानगरी | ४ जून, १९:०२

खडकू भाऊ तुम्ही शाळेत असते ना तर आम्ही भूगोलात पास झालो असतो बाप्पा.

टोरंटोचा_तुका | ४ जून, २०:१५

१३५ किमी वगैरे ठीक आहे हो, पण आमच्या लेक सुपीरियरमध्ये असे किती मावतील मोजा.

केलोनावाली_ताई | ४ जून, २०:२२

मावतील. पण तुमच्या सुपीरियरमध्ये कुल्फी होते माणसाची. आमच्याकडे ऑगस्टमध्ये पाणी २२-२३ अंश असतं, काठाला तर अजून उबदार.

संत्रानगरी | ४ जून, २०:४०

मी मागच्या साली पेंटिक्टनला ट्यूबवर पडून वाहत गेलो होतो. ओकानागनमधून स्काहात जो नदीचा सरळ केलेला चॅनल आहे ना, सातेक किमी, त्यात लोक टायरच्या ट्यूबा टाकून पडून राहतात आणि पाणी नेते तिकडे जातात. दीड-दोन तास काही करायचं नाही. ना वल्हं ना इंजिन. माझ्या बाजूला एक आजी पुस्तक वाचत वाहत होत्या. शेवटी बस परत आणून सोडते. सनस्क्रीन नडगीला लावायचं विसरलो, पंधरा दिवस नडगी सोलत होती.

वेंगुर्लेकर | ५ जून, ०६:५०

कोणी राखणदाराचं नाव नाही काढलं अजून. त्या तलावात काहीतरी आहे म्हणतात ना, ओगोपोगो की काय?

उंटावरचा_शहाणा | ५ जून, ०७:३०

रबराचा हिरवा साप आहे. केलोनाच्या वॉटरफ्रंटला पुतळा पण आहे. पोरं वर चढतात. दुकानात किचेन मिळतं. झालं समाधान?

रानजाई | ५ जून, १२:१८

शहाणेराव, इथे थोडं थांबते. पुतळा आणि किचेन नंतरचं. ओगोपोगो हे नावही १९२० च्या दशकातल्या एका गमतीच्या गाण्यावरून चिकटलं. मूळ गोष्ट सियिल्क्स लोकांची, ज्यांची ही जमीन. त्यांच्या भाषेत न-हा-अ-इत्क, म्हणजे पाण्याचं पवित्र सत्त्व. तो काही राक्षस नाही. पीचलँडच्या समोर रॅटलस्नेक नावाचं एक चिमुकलं बेट आहे, तिथला वारा खवळतो, तर तिथून होडी नेताना आधी पाण्याला काहीतरी अर्पण करायची रीत होती.

वेंगुर्लेकर, तुम्ही राखणदार म्हणालात, आमच्याकडे घाटावर साती आसरा म्हणतात. विहिरीवर, डोहाकाठी हळदकुंकू लावलेले सात दगड. आजी डोहात पाय घालायच्या आधी पाण्याला हात जोडायची. कुणी त्यावर विनोदी गाणं लिहून रबरी खेळणं विकलं असतं तर आजीने काय केलं असतं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आणि हे माहीत नसेल तर, 'ओगोपोगो'चा कॉपीराइट कित्येक दशकं व्हर्नन शहराकडे होता. २०२१ मध्ये व्हर्ननच्या नगरपरिषदेने तो ओकानागन नेशन अलायन्सकडे, म्हणजे सियिल्क्स लोकांच्याच संघटनेकडे, द्यायचं ठरवलं.

वेंगुर्लेकर | ५ जून, १२:४०

ताय, बरा केलास सांगितलंस. आमच्याकडे पण खाडीत होडी घालताना नारळ देतत. म्हणान इचारलंय.

उंटावरचा_शहाणा | ५ जून, १३:०५

बरं. किचेन परत करतो.

द्राक्षबाग_निफाड | ५ जून, २१:४५

मी कॅनडात नाही, निफाडला आहे, वाचत असतो. आमची बाग आहे म्हणून विचारतो. एवढ्या उत्तरेला द्राक्ष कसं येतं? आमच्याकडे पारा ४-५ वर आला तरी बागेत रात्रभर शेकोट्या पेटवाव्या लागतात, मणी तडकतात.

केलोनावाली_ताई | ६ जून, ०७:०५

दादा, दोन कारणं. एक म्हणजे डोंगर. समुद्राकडून येणारा पाऊस कोस्ट आणि कॅस्केड रांगाच पिऊन टाकतात, आमच्या वाट्याला वर्षाला ३५०-४०० मिमी, म्हणजे तुमच्या दुष्काळी पट्ट्याइतका किंवा कमीच. खाली ओसोयूसला तर निवडुंग आणि रॅटलस्नेक. उन्हाळा कोरडा, ऊन रात्री नऊपर्यंत. दुसरं म्हणजे हा तलाव स्वतःच. एवढं खोल पाणी उन्हाळाभर तापतं आणि हिवाळाभर हळूहळू ऊब सोडतं, क्वचितच पूर्ण गोठतो. म्हणून बागा सगळ्या काठाच्या उतारावर, नारामाटाचा उतार बघाल तर पाण्यापर्यंत वेलींच्या ओळी.

पण तलावाचीही ताकद किती! २०२४ च्या जानेवारीत पारा उणे २५ च्या खाली गेला आणि त्या वर्षीचं द्राक्ष जवळजवळ सगळं गेलं. पीच आणि जर्दाळूचे डोळे (कळ्या) झाडावरच मेले. वाइनरीवाल्यांना बाहेरून द्राक्ष आणायची परवानगी सरकारला द्यावी लागली. आमच्या रस्त्यावरचे एक सरदारजी काका, त्यांची पीचची बाग, मार्चमध्ये एक डोळा नखाने उभा चिरून दाखवला मला. बाहेरून ठणठणीत आणि आत काळा ठिपका. काही बोलले नाहीत.

द्राक्षबाग_निफाड | ६ जून, ०८:२०

उणे २५ वाचून अंगावर काटा आला. गारपिटीनंतर आम्ही पण घड असाच हातात धरून बघतो. आणि ते आइसवाइन म्हणतात ते काय?

केलोनावाली_ताई | ६ जून, ०८:४४

घड वेलीवरच ठेवायचे, पारा उणे ८ किंवा खाली गेला की रात्री तोडायचे आणि गोठलेलेच पिळायचे. पाणी बर्फ होऊन मागे राहतं, पाकासारखा घट्ट रस निघतो. तुमच्याकडे करू नका :)

काळजीवाहू | ६ जून, १७:३०

कोणीच वणव्यांचं बोललं नाही म्हणून लिहितोय. धागाकर्ते, ऑगस्ट म्हणताय तर रद्द करता येईल असंच बुकिंग करा. आमचं एका हॉटेलात (नाव घेत नाही) आगाऊ भरलेलं होतं, धुरामुळे जाता आलं नाही, पैसे मिळायला चार महिने आणि अठरा ईमेल.

ताईंनी सांगितलेला तो रस्ता नसलेला काठ आहे ना, तिथेच ऑगस्ट २००३ मध्ये वीज पडून आग लागली आणि केलोनाची २३९ घरं गेली. २०२१ मध्ये वेस्टसाइड रोडवर किलिनी बीचची घरं जळाली. आणि २०२३ ला वेस्ट केलोनाच्या डोंगरातली आग एका रात्रीत तलाव ओलांडून केलोनाच्या बाजूला गेली! ठिणग्या वाऱ्याबरोबर पाण्यावरून उडत. तोपर्यंत माझ्यासारख्याला वाटायचं मधे एवढं पाणी आहे, काय होतंय. तेव्हा तर पर्यटकांनी येऊच नका असा सरकारी आदेश होता, खोल्या घर सोडून आलेल्यांना हव्या होत्या.

सप्टेंबर जमत असेल तर बघा. धूर कमी, गर्दी कमी, आणि केलोनातल्या मिशन क्रीक ओढ्यात कोकनी मासे लालभडक होऊन अंडी घालायला चढतात.

वेंगुर्लेकर | ६ जून, १७:४१

कोकणी मासे? 😍

काळजीवाहू | ६ जून, १७:५०

कोकनी हो. समुद्रात न जाता तलावातच राहिलेला सॅमन. तळायचा विचार डोक्यातून काढा.

वेंगुर्लेकर | ६ जून, १७:५२

इचार आधीच इलो.

रानजाई | ६ जून, १९:१०

ते मासे मधे फार कमी झाले होते. १९६६ मध्ये माशांना खाऊ म्हणून मायसिस नावाची बारीक कोळंबी तलावात सोडली. झालं उलटंच. ती कोळंबी दिवसा खोल पाण्यात दडून बसते, मासे वर असतात, आणि रात्री वर येऊन कोकनीच्या पिल्लांचंच अन्न फस्त करते. शेवटी १९९५ ला कोकनीची मासेमारी बंद करावी लागली.

मीठभाकर | ६ जून, २२:१५

केवढं लिहिलंत सगळ्यांनी! बाबांना रोज जेवताना धागा वाचून दाखवतोय. तिकीट ३१ ऑगस्टचं आहे त्यामुळे सप्टेंबर नाही, ऑगस्टचा तिसरा आठवडा, रद्द होणारं बुकिंग. केलोनाजवळच्या मायरा कॅन्यनला चालायला आई-बाबांना झेपेल का?

केलोनावाली_ताई | ७ जून, ०७:२०

झेपेल, जुना रेल्वेमार्ग आहे, सपाट. केटल व्हॅली रेल्वेचे १८ पूल आणि दोन बोगदे. त्यातले १२ पूल २००३ च्या त्याच आगीत जळाले, परत बांधले. दोन-तीन पुलांपर्यंत जा आणि परत या. पाणी न्या, सावली नाही.

मीठभाकर | २ सप्टेंबर, रात्री १०:३०

धागा वर काढतो. जाऊन आलो! आई-बाबा परवा गेले, घर रिकामं झालंय, म्हणून लिहायला बसलो.

व्हँकुव्हरकडून हायवे ९७सी ने गेलो. वर सतराशे मीटरवर गाडी चढते, नुसतं जंगल, आई झोपलेली, आणि मग उतार लागतो आणि एका वळणावर खाली एकदम तलाव. आई जागी होऊन "अगो बाई" एवढंच म्हणाली. हिरवळ नाही, पिवळे वाळलेले डोंगर आणि मधे ती निळी पट्टी. बाबा म्हणाले डोंगर तर आपल्या मराठवाड्यासारखे आहेत, उन्हाळ्यातले.

ठरल्याप्रमाणे पेंटिक्टनपासून सुरुवात. समरलँडच्या पांढऱ्या कड्यांना हात लावला, खडकू, खरंच मैदा. बाबांनी चिमूटभर रुमालात बांधून घेतली. वेस्टसाइड रोडवर आईला मळमळायला लागलं, आलेपाकावर निभावलं. फिंट्रीला थांबलो, तिथे धबधब्याला चारेकशे पायऱ्या आहेत, आई म्हणाली वणीच्या गडाला याहून जास्त चढलेय आणि आमच्या आधी वर. एक दिवस धुराचा होता, समोरचा काठ दिसेना, त्या दिवशी खोलीत बसून पत्ते. केलोनाला लेकशोर रोडच्या शेवटापर्यंत गेलो, रस्ता संपला तिथे बाबांनी हात जोडले आणि गाडी वळवली. पुलावर वीस मिनिटं अडकलो. आई म्हणाली, हलत तर नाही.

आता मुख्य. शेवटच्या दिवशी पेंटिक्टनचं ते धरण. धरण म्हणायलाही लाज वाटावी इतकं छोटं, शेजारी काठावर चढवून ठेवलेली एस.एस. सिकामूस नावाची १९१४ ची जुनी आगबोट आहे, लोक तिचेच फोटो काढत होते. बाबा गेटापाशी. खिशातून कागद काढला, आदल्या रात्री गणित केलेलं. साडेतीनशे चौरस किमी, सरासरी खोली ७६ मीटर, म्हणजे ९०० टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) वर. जवळजवळ नऊ कोयना! आणि हे गेट खालीवर करून पातळी फक्त वरच्या सव्वा मीटरमध्येच खेळवतात, ते भरतं १५ टीएमसी. "म्हणजे बाकी सगळा मृतसाठा, गेटातून कधीच न सुटणारा," बाबा म्हणाले, आणि एवढे हसले की सिकामूसवाले वळून बघायला लागले. "९०० टीएमसी मृतसाठा. आमच्या साहेबाला दाखवायला पाहिजे होतं."

मग मी त्यांना वाचलेलं सांगितलं, की या तलावात आलेलं पाणी बाहेर पडायला सरासरी ५० वर्षांच्या वर लागतात. ते गप्प झाले. बाबा १९७२ चे मॅट्रिक. दुष्काळात ते आणि काका दोघं खडी फोडायला जात, सुकडी मिळायची, ती अर्धी खाऊन अर्धी घरी आणायची. हे आम्हाला माहीत होतं पण ते कधी फार बोलत नाहीत. गेटाखालून पाणी पांढरं होऊन जात होतं तिकडे बघत म्हणाले, "हे तेव्हा आत आलंय. आपण टँकरपाशी भांडत होतो आणि हे इथं नुसतं बसून होतं." मग खाली उतरून ओंजळभर घेतलं, पिऊ नका म्हणेपर्यंत प्यायले.

शास्त्रीबुवा_ऑनलाइन | २ सप्टेंबर, २२:५८

छान लिहिलंय. फक्त एक, सरासरी ५० वर्षं म्हणजे पाणी रेशनच्या रांगेत उभं नसतं. काही थेंब दोन वर्षांत जातात, काही शंभर.

झेंडू_फुटाणे | २ सप्टेंबर, २३:०१

बुवा, आज राहू द्या.

शास्त्रीबुवा_ऑनलाइन | २ सप्टेंबर, २३:०६

राहू दिलं. तीर्थ घेतलं म्हणजे प्रदक्षिणा पूर्ण झाली, हे मात्र शास्त्रात आहे.

द्राक्षबाग_निफाड | ३ सप्टेंबर, ०५:४०

माझे वडीलपण ७२ ला नाला बांधाच्या कामावर होते. पहाटे बागेत पाणी सोडलंय आणि बांधावर बसून वाचलं. काकांना नमस्कार सांगा.

केलोनावाली_ताई | ३ सप्टेंबर, ०७:३०

पीच खाल्ले की नाही ते लिहिलंच नाहीत!

मीठभाकर | ३ सप्टेंबर, ०८:१०

खाल्ले ताई, समरलँडला रस्त्याकडेच्या टपरीवर. आईच्या कोपरापर्यंत रस ओघळला, पदर खराब झाला आणि तिने दहा पौंडांची पेटी घेतली. त्यातला मोरांबा करून तीन बरण्या आमच्यासाठी ठेवून गेलीय.

संत्रानगरी | ३ सप्टेंबर, ०८:३५

ट्यूबवर वाहिले का पण?

मीठभाकर | ३ सप्टेंबर, ०८:४१

मी आणि आई. बाबा काठाने चालत येत होते, चॅनलचं अस्तरीकरण कुठे खचलंय ते बघत.